पाटी लगेच बघा

मुंबई-गोवा महामार्गावरून मालवणचा फाटा जिथे फुटतो, ते आमचे कसाल. आसपासच्या वाड्यांवरच्या द्विशिक्षकी शाळांत माझी नोकरी झाली. एका खोलीत दोन इयत्ता, एकीला शिकवताना दुसरीला गणिते घालून द्यायची.

डी.एड.ला वर्तनवाद शिकलो होतो. पाव्हलॉवचा कुत्रा घंटेच्या आवाजाने लाळ गाळतो. 1898 साली थॉर्नडाइकने पिंजऱ्यात ठेवलेले मांजर धडपडत दोरी ओढते, दार उघडते, आणि पुढच्या खेपांना कमी वेळात सुटते. ज्या कृतीचा परिणाम सुखाचा, ती पक्की होते. हे सगळे परीक्षेपुरते पाठ केले. वर्गात त्याचा अर्थ कळायला तिसरीतला एक मुलगा भेटावा लागला.

बत्तीसातून सतरा वजा करायचे होते. त्याने सातातून दोन काढले, पाच लिहिले. तिनातून एक काढला, दोन लिहिले. उत्तर पंचवीस. दहाही गणिते त्याने अशीच केली, सुंदर अक्षरात. मी वह्या गोळा केल्या आणि चौथ्या दिवशी लाल फुल्या मारून परत दिल्या. मधल्या तीन दिवसांत त्याने घरी आणखी पानभर गणिते त्याच रीतीने सोडवली होती. चूक त्याची नव्हती. सरावाने पक्की झाली होती ती माझी दिरंगाई.

अमेरिकेत 1953 साली वर्तनवादी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर आपल्या मुलीच्या गणिताच्या वर्गात जाऊन बसले, तेव्हा त्यांनाही हेच दिसले. मुले गणिते सोडवत होती, पण बरोबर की चूक हे त्यांना तेव्हाच्या तेव्हा कळत नव्हते. काही दिवसांतच त्यांनी शिकवण्याचे एक यंत्र बनवले. एका वेळी एक छोटा प्रश्न, मुलाने उत्तर द्यायचे की लगेच निकाल. आपल्याकडे स्किनर म्हटले की बक्षीस आठवते, लिमलेटची गोळी आठवते. मला त्यांचे खरे देणे वाटते ते हे ‘लगेच’.

आमच्याकडे यंत्र नव्हते, पाटी होती. मी वह्या बंद केल्या. एकच गणित सांगायचे, पाट्या वर करायच्या, मी रांगेतून फिरायचे. तो मुलगा पाटी छातीशी धरून विचारायचा, “गुरुजी, बरोबर आसा काय?” मी मान हलवली की चेहरा असा उजळायचा की गोळीची गरजच उरत नसे.

छडीचेही बोलले पाहिजे. शिक्षेने वागणे दबते, शिक्षा करणारा समोर असेपर्यंत. हे स्किनर पुन्हा पुन्हा सांगत राहिले. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हींना बंदी घातली. पण गणिताच्या तासाची घंटा झाली की ज्या मुलाच्या पोटात दुखते, त्याच्याकडे पाहा. पाव्हलॉवचा कुत्रा अन्नाच्या आशेने लाळ गाळत होता, हे मूल अपमानाच्या धास्तीने आक्रसते. घंटा तीच, शिकवण मात्र आपण दिलेली.

वर्तनवाद इथपर्यंत नेतो, पुढे नाही. पाटीवर उत्तरे बरोबर येऊ लागली, तरी दशक का मोडायचा हे त्या मुलाला उमगले नव्हते. मग एके दिवशी काजूच्या बिया आणल्या. दहा-दहा बियांच्या तीन पुरचुंड्या बांधल्या आणि दोन सुट्या ठेवल्या. “यातल्या सतरा मला दे,” म्हटले. एक पुरचुंडी त्याने तशीच माझ्या हातावर ठेवली, मग सुट्या दोन दिल्या. पाच कमी पडत होत्या. तो थोडा वेळ दुसऱ्या पुरचुंडीकडे पाहत राहिला. माझ्याकडे त्याने पाहिले नाही, काही विचारलेही नाही. दातांनी गाठ सोडली आणि बिया जमिनीवर ओतल्या.