भूमितीतील रूपांतरणे : घडीपासून निर्देशकांपर्यंत



परावर्तनाची व्याख्या अचूक म्हणणारे विद्यार्थी पुष्कळ असतात. परंतु तिरक्या रेषेत आकृतीचे परावर्तन काढायला सांगितले की अनेकांची पेन्सिल अडखळते. रेषा उभीच आहे असे समजून ते आकृती आडवी पलीकडे नेतात. अशा विद्यार्थ्यावर ‘भूमिती कच्ची’ असा शिक्का लवकर बसतो. वास्तविक त्याच्या मनात व्याख्येतील शब्द आणि कागदावरील चित्र यांची गाठ पडलेली नसते.

ही गाठ घालण्याची एक साधी रीत आहे. आलेख कागदावर आरंभबिंदूतून जाणारी, पहिल्या चरणाचे दोन समान भाग करणारी रेषा काढावी. (४, १) हा बिंदू शाईने ठळक करून, शाई ओली असतानाच कागद त्या रेषेवर दुमडावा. ठसा (१, ४) येथे उमटतो. बिंदू व ठसा यांना जोडणारा रेषाखंड घडीला लंब असून घडीने दुभागला जातो, हे पट्टी आणि गुण्या सिद्ध करतात. निर्देशकांची अदलाबदल झाली, हे अंक सांगतात.

प्रत्येक रूप काही उघड करते, काही झाकते. घडीने उत्तर मिळते, कारण मिळत नाही. निर्देशकांचा नियम झटपट चालतो. पण त्रिकोणाच्या शिरोबिंदूंचा घड्याळी क्रम प्रतिमेत उलटला, हे चित्रातच चटकन दिसते.

आता (१, ४) चे क्ष-अक्षात परावर्तन केले, तर (१, −४) मिळतो. मूळ बिंदू आरंभबिंदूभोवती ९० अंशांनी फिरला. दोन रेषांमधील कोन मात्र ४५ अंशांचाच होता. दोन परावर्तनांतून परिभ्रमण जन्मते, हे ज्याने स्वतः पाहिले, त्याच्यासाठी हे दोन सुटे पाठ राहत नाहीत. रूपांतरणात काय बदलत नाही याचा शोध म्हणजे भूमिती, ही दृष्टी फेलिक्स क्लाइन या जर्मन गणितज्ञाने १८७२ मध्ये मांडली. येथेही स्थान बदलले, अंतरे आणि कोनांची मापे तीच राहिली.

मराठी घरातील मुलाला ‘पलटणे’, ‘फिरणे’ आणि ‘सरकणे’ यांतील भेद शाळेत येण्यापूर्वीच ठाऊक असतो. परावर्तन, परिभ्रमण आणि स्थानांतरण या संज्ञा त्याच पायावर उभ्या राहतात. म्हणून पालकांनी वही पाहताना केवळ उत्तर तपासू नये. ‘हे घडी घालून दाखव, मग तुझ्या शब्दांत सांग,’ असेही म्हणावे. एका रूपातून दुसऱ्या रूपात जाताना मूल जेथे थांबते, तेथूनच पुढचे शिक्षण सुरू होते.