परीक्षा दोनदा, सवड एकदाही नाही
(वडसा येथील महिला मेळाव्यात केलेले भाषण)

मी वडशातच शिकले. तेव्हा आपली महाविद्यालये नागपूर विद्यापीठाकडे होती, परीक्षा वार्षिक. नापास झाले की वर्ष गेले, आणि वर्ष गेले की घरात स्थळाची बोलणी सुरू. माझ्या बरोबरीच्या कितीतरी जणी तिथेच थांबल्या.

२०११ साली गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ झाले. आता सत्र पद्धत आहे. हिवाळी आणि उन्हाळी अशा दोन परीक्षा. मी मुलींना विचारले. एक म्हणाली, "अभ्यास थोडा थोडा होतो. विषय राहिला तरी वर्ष बुडत नाही." खरे आहे. दुसरी म्हणाली, "ताई, हिवाळ्यात धानाची कापणी, उन्हाळ्यात मोह आणि तेंदूपत्ता. भाऊ अभ्यासाला बसतो, मी बांधीत." शिवाय परीक्षेची फी दोनदा.

त्यात २०२०च्या शैक्षणिक धोरणाने एका वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडायची सोय केली. मुलगा परत जाईल. मुलीला मात्र "कागद मिळाला ना?" म्हणून कायमचे घरी बसवतील.

पद्धत वाईट नाही, पण मुलीच्या कामाचा हिशेब तिच्यात कुणी धरला नाही. तो आपण मांडायचा. महाविद्यालयात मागू : वेळापत्रक वेळेवर, फी हप्त्याने. घरात मागू : परीक्षेच्या दिवसांत तिच्या हातचा विळा भावाने घ्यावा. पहिल्या मागणीला निवेदन पुरेल. दुसरीसाठी रोज भांडावे लागेल. ते आपण भांडू या.