रुग्णाच्या उशाशी भरणारी शाळा

नाडी म्हणजे काय हे ज्याला उत्तम सांगता येते, त्याच्या बोटांना ती सापडेलच असे नाही. वैद्यकाच्या शिक्षणातील मुख्य अडचण हीच आहे. विद्यार्थी ग्रंथ पाठ करी, परीक्षा देई आणि हात पुष्कळदा पदवीनंतर तयार होत. त्या तयारीचे मोल मात्र रुग्णाला मोजावे लागे; आणि तो बहुधा सार्वजनिक रुग्णालयातला, नाही म्हणण्याची सोय नसलेला गरीब माणूस असे.

विल्यम ऑस्लर यांनी १८९० नंतरच्या दशकात बाल्टिमोर येथे विद्यार्थ्यांना व्याख्यानगृहातून उठवून खाटेपाशी नेले. पुढे १९९० साली जॉर्ज मिलर यांनी कौशल्याच्या चार पायऱ्या सांगितल्या: माहीत असणे, कसे करावे हे कळणे, करून दाखविणे आणि नित्य व्यवसायात तसे करणे. लेखी परीक्षा पहिल्या दोन पायऱ्यांपाशीच थांबते. तिसरी मोजण्यासाठी रोनाल्ड हार्डन व त्यांचे सहकारी यांनी १९७५ साली स्कॉटलंडमधील डंडी येथून नवी परीक्षापद्धती मांडली. परीक्षार्थी एका टेबलाकडून दुसऱ्याकडे जातो; येथे छाती तपासावयाची, तेथे रोगाची हकीकत विचारावयाची. प्रत्येकास काम तेच, वेळ तेवढाच आणि गुणांची यादी आधीच ठरलेली. त्यामुळे परीक्षकाच्या मर्जीला फारसा वाव उरत नाही. सुईचा पहिला प्रयोगही आता माणसाऐवजी कृत्रिम हातावर करता येतो.

आपल्याकडे २०१९ पासून एम.बी.बी.एस.चा अभ्यासक्रम क्षमतेवर आधारलेला झाला. पहिल्या वर्षापासून रुग्णांशी परिचय, केलेल्या कामाची नोंदवही आणि वर्तन, नीती व संवाद यांचे शिक्षण त्यात आले. संवादाचे महत्त्व आपल्या भागात विशेष आहे. बेळगावच्या वॉर्डात एका खाटेवर मराठी, शेजारच्या खाटेवर कानडी ऐकू येते, पणजीस कोकणी. दुखणे रुग्णाच्या भाषेत विचारता आले नाही, तर निदानाचा अर्धा धागा तेथेच तुटतो.

परंतु पद्धती कितीही नवी असली, तरी न पाहता सही केलेली नोंदवही म्हणजे कोरा कागदच. विद्यार्थी रुग्णाला हात लावीत असताना शेजारी उभे राहून पाहणारा आणि चूक तेव्हाच, पण रुग्णासमोर त्याचा पाणउतारा न करता, सांगणारा शिक्षक हवा. त्यासाठी शिक्षकाला सवड हवी, विद्यार्थ्यांची गर्दी बेताची हवी. चौथी पायरी कोणत्याही परीक्षागृहात मोजता येत नाही. मध्यरात्री, कोणी पाहत नसताना, अनोळखी रुग्णापाशी डॉक्टर कसा वागतो, यावरूनच ती कळते. तेथवर विद्यार्थ्याला पोहोचविणे, हेच वैद्यकशिक्षणाचे खरे काम होय.