इशारा ऐकणें आणि मानणें

इंधनाअभावीं हेलिकॉप्टर कोसळलें, असें कानीं आलें कीं त्याची टाकी कोरडी असावी, असाच कोणाचाही तर्क होतो. तो तर्क नेहमींच खरा नसतो.

२९ नोव्हेंबर २०१३ च्या रात्रीं स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरीं पोलिसांचें एक हेलिकॉप्टर तळाकडे परतत असतां 'क्लूथा' नांवाच्या मद्यगृहाच्या छपरावर कोसळलें. आंत गाणेंबजावणें रंगलें होतें. हेलिकॉप्टरमधील तिघे व मद्यगृहांतील सात, असे दहाजण प्राणास मुकले.

चौकशींत असें आढळलें कीं, मुख्य टाकींत सुमारें ७६ किलो इंधन शिल्लक होतें! परंतु या हेलिकॉप्टरची रचनाच अशी, कीं मुख्य टाकींतील इंधन पंपांनीं दोन लहान टाक्यांत ढकललें जातें व तेथूनच तें दोन एंजिनांस मिळतें. त्या पंपांच्या कळा बंद होत्या. लहान टाक्या आटल्या आणि ३२ सेकंदांच्या अंतरानें दोन्ही एंजिनें बंद पडलीं. कणगींत धान्य असून चुलीवरची हंडी रिती राहावी, तसें हें झालें.

मग इशारा मिळाला नव्हता काय? तो पांच वेळां मिळाला, आणि मिळाल्याची नोंदही वैमानिकानें पांचही वेळां केली. नियमाप्रमाणें अशा इशाऱ्यानंतर दहा मिनिटांत खालीं उतरावयाचें असतें. उड्डाण मात्र चालूच राहिलें. तें कां, याचें उत्तर चौकशीसही सांपडलें नाहीं.

इशारा ऐकणें आणि इशारा मानणें यांत अंतर असतें. आकाशांत तें अवघ्या कांहीं मिनिटांचें. पण त्याची किंमत खालीं निर्धास्त बसलेल्यांनाही मोजावी लागते.