माती, मूर्ती आणि माणूस

(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा सारांश)



मी रेल्वेतला डिप्लोमा इंजिनिअर, कलेचा जाणकार नव्हे. तरीही आज शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर यांच्याविषयी बोलण्याचे धाडस करतो, कारण त्यांची सुरुवात आपल्या बाप्पापासूनच झाली.

करमरकरांचा जन्म १८९१ चा, अलिबागजवळच्या सासवणे गावचा. घरात गणपती घडवले जात. महिनोन्महिने खपायचे आणि थोड्याच दिवसांत ते काम पाण्यात सोडायचे, हेच त्यांनी लहानपणी पाहिले. पुढे ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले. १९२८ साली पुण्यात त्यांच्या अश्वारूढ शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. माझगाव डॉकमध्ये एकसंध ओतलेला तो ब्राँझचा पुतळा रेल्वेने पुण्यास गेला. वाटेत बोरघाटातले बोगदे! आम्हा रेल्वेवाल्यांच्या छातीत आजही धडकी भरेल.

फाउंड्रीत काम केलेल्यांना ठाऊक आहे, धातू थंड झाला की साचा फोडावा लागतो. मूळ मातीचा नमुनाही उरत नाही. टिकणाऱ्या वस्तूमागे अशी एखादी न टिकलेली वस्तू असतेच.

भिलाईत १९५९ मध्ये पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली. त्या काळात इथे आलेली आपली ज्येष्ठ पिढी एकेक करून निघून चालली आहे. निवृत्तीनंतर क्वार्टर सुटते, दारावरची पाटी निघते, अंगणात लावलेला पारिजातक दुसऱ्याचा होतो. मुले पुण्या-बंगळूरला. "आपले इथे काय उरले?" हा प्रश्न मी अनेक काकांच्या तोंडून ऐकला आहे.

लाइनवर फिरताना मी रुळाची बाजू पाहतो. तिथे कारखान्याची खूण असते, महिना आणि वर्ष असते. माणसाचे नाव नसते. पण त्याच रुळावरून रोज लाखो माणसे सुखरूप घरी पोहोचतात. काका, तुमचे उरले ते हे!

करमरकर १९६७ मध्ये गेले. सासवण्याचे त्यांचे घर आज संग्रहालय आहे. तिथे गावची साधी माणसे आणि अंगणात सिमेंटची म्हैससुद्धा आहे. राजाचा पुतळा घडवणाऱ्या हातांनी शेजारची म्हैसही तितक्याच मायेने घडवली. त्या हातांना मातीची ओळख मात्र घरच्या गणपतीच्या कामातच झाली होती.

म्हणून माझी एकच विनंती. पुढच्या वर्षी घरातल्या एका तरी मुलाला शेजारी बसवून शाडू मळायला शिकवा. मूर्ती विसर्जित होईल, शिकवलेले राहील.

गणपती बाप्पा मोरया!