चिमुकल्या आगगाडीचें दुखणें

शिरोळ हें गांव आगगाडीच्या मार्गावर नाहीं. १८९१ सालीं मिरजेहून कोल्हापूरला मीटर गेजची लाइन सुरू झाली, तेव्हां शिरोळकरांच्या वांट्याला जें स्टेशन आलें तें गांवापासून दूर, आणि त्याला नांव मिळालें शिरोळ रोड. पुढें शाहू छत्रपतींनीं त्या स्टेशनाजवळ आपल्या वडिलांच्या नांवानें जयसिंगपूर वसविलें, आणि स्टेशनहि जयसिंगपूर झालें. १९७१ सालीं लाइन ब्रॉड गेज झाली. म्हणजे शिरोळचें म्हणून जें स्टेशन होतें त्याचें आधीं नांव गेलें, मग रूळ गेले, आणि रुळांबरोबर त्यांवरचीं इंजिनें व डबेहि गेले. शिरोळ रोडवर उभी राहणारी ती गाडी आज एखाद्या आजोबांना आपल्या नातवाला दाखवावयाची असेल, तर ती टेबलावरच दाखवावी लागेल: वीतभर डब्यांची, कोणींतरी हौसेनें करून ठेवलेली.

योगायोग असा कीं, त्याच १८९१ सालीं जर्मनींतील मार्क्लिन कारखान्यानें लाइपझिगच्या व्यापारी जत्रेंत खेळण्यांतली आगगाडी मांडली. तींत नवल होतें तें इंजिनाचें नव्हे. रुळांच्या ठरीव मापाचें. एकदां माप ठरलें कीं आज घेतलेल्या इंजिनाला पुढच्या वर्षीं डबा जोडतां येतो, त्याच्या पुढच्या वर्षीं सांधा घालतां येतो, आणि दिवाणखान्यांतलें वर्तुळ वाढत वाढत त्याचें स्टेशन होतें. खेळण्याचा छंद झाला तो येथून. मुलाला आणलेली पेटी बापानेंच बळकावावी, असे प्रसंग त्यानंतर कितीतरी घरांत घडले असतील. १९३५ च्या सुमारास टेबलावर मावणाऱ्या साडेसोळा मिलिमीटर रुंदीच्या रुळांची चाल पडली. त्याच वर्षीं अमेरिकेंतील शोकिनांनीं नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन ही संस्था काढली. एका कारखान्याचीं चाकें दुसऱ्या कारखान्याच्या सांध्यावर घसरावींत, ही तेव्हांची मोठी तक्रार होती; सर्वांनीं एकच मापें पाळावींत यासाठीं या संस्थेनें खटपट केली. मालाविषयींचें गाऱ्हाणें हें या छंदाइतकेंच जुनें आहे, तें असें.

परंतु जर्मन किंवा अमेरिकन शोकिनाचें गाऱ्हाणें आणि शिरोळच्या शोकिनाचें गाऱ्हाणें यांत एक मोठा फरक आहे. त्यांना त्यांची गाडी मिळते. ती वाईट असते एवढेंच. शिरोळकराला स्वतःची गाडीच मिळत नाहीं.

श्रोत्यांपैकीं ज्यांनीं जुनें मिरज जंक्शन पाहिलें असेल, त्यांना तेथला थाट आठवेल. जयसिंगपूर सोडून कृष्णा ओलांडली कीं मिरज आलेंच. १९७१ नंतर कांहीं वर्षें त्या एका ठिकाणीं तीन रुंदींच्या गाड्या येत: पुण्याची आणि कोल्हापूरची ब्रॉड गेज, लोंढ्याकडची मीटर गेज, आणि कुर्डुवाडीहून पंढरपुरावरून येणारी बार्शी लाइटची चिमुकली गाडी, जी १९२७ सालीं मिरजेपर्यंत आली होती. शिरोळच्या एखाद्या शोकिनानें हें मिरज जंक्शन आपल्या माडीवर उभें करावयाचें मनावर घेतलें, असें समजावें. जगांत सर्वांत जास्त चालणारें माप खऱ्या वस्तूच्या सत्त्याऐंशीव्या भागाचें. तें त्यानें धरलें आणि बाजारांतली साडेसोळा मिलिमीटरची रूळपेटी आणली. साडेसोळाला सत्त्याऐंशींनीं गुणलें तर १४३५ मिलिमीटर येतात. ही युरोप-अमेरिकेंतल्या रुळांची रुंदी होय. आपली ब्रॉड गेज १६७६ मिलिमीटरांची. तिचा सत्त्याऐंशीवा भाग एकोणीस मिलिमीटरांहून किंचित् अधिक भरतो. पावणेतीन मिलिमीटरांचा हा फरक. ऐकतांना तो कांहींच वाटत नाहीं. पण सव्वातीन मीटर रुंदीचा आपला डबा प्रमाणांत करून त्या रुळांवर ठेवावा, म्हणजे एखाद्या स्थूल गृहस्थानें दोन्हीं पाय जुळवून उभें राहावें तसा तो दिसतो. पाहणाऱ्याला चूक सांगतां येत नाहीं, परंतु ही गाडी आपली नव्हे हें त्याच्या डोळ्यांना कळतें.

इंग्रजी माल घ्यावा तर घोटाळा आणखी वाढतो. इंग्लंडांतलीं इंजिनें अंगानें लहान. त्यांच्या सत्त्याऐंशीव्या भागांत त्या काळची विजेची मोटार मावेना, म्हणून तेथील कारखानदारांनीं इंजिनाचें अंग सुमारें शहात्तराव्या भागाचें केलें आणि रूळ मात्र साडेसोळाचेच ठेवले. १९३८ सालीं निघालेली हॉर्नबी डब्लो ही प्रसिद्ध गाडी याच तडजोडीची. त्या मापानें आपल्या ब्रॉड गेजला बावीस मिलिमीटर हवेत. स्वतः इंग्रज शोकीनच या तडजोडीवर कित्येक वर्षें आपसांत भांडत आले आहेत. एक पक्ष म्हणतो, गाडी धांवली म्हणजे पुरे. दुसरा पक्ष इंजिनावरचे खिळे मोजीत बसतो. पहिल्या पक्षाला दुसऱ्याचें हंसूं येतें. पण ज्याचें खरें स्टेशन अजून जागेवर आहे त्यानें हंसावें. ज्याचें उखडून नेलें, त्यानें खिळे मोजले तर त्याला हंसूं नये.

रुळांच्या रुंदीइतकाच वळणाचाहि प्रश्न आहे. आपल्याकडे ब्रॉड गेजला अगदीं तीव्र वळण म्हणजे १७५ मीटर त्रिज्येचें. सत्त्याऐंशीव्या भागांत तें दोन मीटर होतें. पेटींतले लहान वळणाचे रूळ मात्र छत्तीस सेंटिमीटरांचे, म्हणजे खऱ्या जगांतल्या एकतीस मीटरांचे. त्या वळणावर लांब डब्याचीं टोंकें रुळांबाहेर लोंबूं लागतात. यावर कित्येक कारखान्यांनीं डबेच आखूड करून टाकले! एखाद्या शिंप्यानें अंगरखा बसत नाहीं म्हणून गिऱ्हाइकाचे हात कापावे, त्यांतला हा प्रकार. तरी कारखान्यांना सगळाच दोष देतां येत नाहीं. चार मीटर व्यासाचें वर्तुळ मांडण्याइतकी खोली शिरोळांत काय किंवा बर्लिनमध्यें काय, कितीशा लोकांपाशीं असते?

मापाचें झालें, आतां धातूचें. हीं इंजिनें व चाकें पुष्कळदां जस्ताच्या मिश्रधातूची ओततात. इंग्लंडांत तिला माझाक म्हणतात. १९२९ सालीं न्यू जर्सी झिंक या अमेरिकन कंपनीनें ती तयार केली, ती अत्यंत शुद्ध जस्त वापरण्याच्या अटीवर. जस्तांत शिशाचा अंशमात्र भेसळ झाला कीं धातूच्या कणांच्या सांध्यांतून आंतल्या आंत कीड लागते. वरचा रंग शाबूत, आणि आंत ओतकाम फुगत असतें, वांकत असतें, भेगाळत असतें. एके दिवशीं कपाटांतून काढलेलें इंजिन हातांत भुगा होऊन येतें. दमट उबाऱ्यांत ही कीड लवकर वाढते. पंचगंगा आणि कृष्णा यांच्या मधल्या मुलखांत पावसाळ्यांत कपाटें किती कोरडीं राहतात हें शिरोळकरांना सांगावयास नको. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनीं तर घरेंच्या घरें बुडविलीं. १९३० च्या सुमारच्या मालांत हा रोग आढळतो हें क्षम्य मानावें. पण त्याचें कारण कळून इतकीं वर्षें लोटल्यावर, ह्या शतकांतल्या महागड्या इंजिनांतहि तो निघाला आहे. येथें अज्ञान नाहीं. ओतशाळेंतली हयगय आहे.

आणि ही हयगय आधीं पाहून टाळण्याची सोय गिऱ्हाइकाला नाहीं. पुष्कळ कंपन्यांचा माल चीनमधल्या थोड्या कारखान्यांतून येतो. २००८ सालीं सांडा कान हा तेथला एक मोठा कारखाना कादर या कंपनीनें घेतला, त्यानंतर कित्येक कंपन्यांना दुसरा कारखाना शोधीत फिरावें लागलें. गाडी जाहीर व्हावयाची, मागणी आधीं नोंदवावयाची, आणि मग दोन-दोन वर्षें वाट पाहावयाची, अशी रीत पडली. भारतांतल्या शोकिनाला वर जकात. तिच्या कोष्टकांत मुलांचीं खेळणीं आणि प्रमाणशीर नमुने एकाच कलमांत बसतात. त्या कलमावरची जकात २०२० सालीं वीस टक्क्यांवरून साठ टक्क्यांवर आणि २०२३ सालीं सत्तर टक्क्यांवर नेण्यांत आली. देशी खेळण्यांच्या धंद्याला तिचा आधार झाला असेल, आणि तो व्हावाहि. पण वांकड्या आंसाचें इंजिन दुरुस्तीला परत धाडावयाचें म्हणजे टपालखर्च आणि कागदपत्रें यांतच माणूस थकतो. बहुतेक जण तें इंजिन स्टेशनाच्या मागच्या रुळावर कायमचें उभें करून ठेवतात.

पुण्यांत कोथरूडला भाऊ जोशी यांच्या छंदांतून उभें राहिलेलें लघु आगगाड्यांचें संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजीं लोकांना खुलें झालें. तेथें सत्त्याऐंशीव्या भागाच्या मापाच्या गाड्या धांवतांना पाहून मोठीं माणसेंहि कठड्याला रेलून राहतात. आवड आहे, गिऱ्हाईक होईल असा माणूसहि आहे. त्याच्या गांवची गाडी तेवढी दुकानांत नाहीं.

म्हणून शिरोळच्या शोकिनाला शेवटीं हातानेंच काम करावें लागतें. तांब्याचा पत्रा चढविलेल्या पट्टीचे स्लीपर कापावयाचे, त्यांवर पितळी रूळ डाग देऊन बसवावयाचे. ब्रॉड गेजचें अंतर एकोणीस मिलिमीटर आणि वर पाव. चाकें विकत आणून त्यांना लांब आंस घालावयाचे. मीटर गेजला साडेअकरा हवेत, दुकानांत बारा मिळतात. अर्धा मिलिमीटर सोडून द्यावयाचा कीं नाहीं, हें ज्याचें त्यानें ठरवावें. राहिली बार्शी लाइट. अडीच फुटांची ती गाडी, १८९७ सालीं कॅल्थ्रॉप नांवाच्या इंजिनियरनें सुरू केलेली, आणि या शतकाच्या आरंभीं तिचे रूळ उखडून तेथें ब्रॉड गेज टाकली. तिचा सत्त्याऐंशीवा भाग पावणेनऊ मिलिमीटर भरतो, आणि बाजारांत नऊ मिलिमीटरचे रूळ वाटेल तेवढे मिळतात. तिन्हींपैकीं तेवढी एक लाइन पेटींतून काढून जशीच्या तशी मांडतां येते.