टायरची बाजू वाचा

आज सायकलच्या टायरविषयी दोन गोष्टी सांगतो. अलिबाग, नागाव, चौल, रेवदंडा या आपल्या पट्ट्यात सायकलवर माणूस बसतो, नारळाचे पोतेही बसते. सगळा भार टायरवर.

टायर म्हणजे नुसते रबर नव्हे. रबराच्या आत दोरे असतात. हवेचा जोर हे दोरेच पेलतात. जमिनीला टेकणारा भाग जाड असतो. त्याची नक्षी झिजली की चटकन दिसते. बाजू मात्र पातळ. तिच्याकडे पाहतो कोण?

बाजू का बिघडते? हवा कमी असली की ती सारखी दुमडते आणि तडकते. जांभ्या दगडाची धार लागली की चिरते. ब्रेकचे रबर सरकले की घासते. खाऱ्या वाऱ्याने रिम गंजते, आणि गंजलेली कड टायरला कुरतडते.

म्हणून दर आठवड्याला चाक उचलून हळूहळू फिरवा. दोन्ही बाजू पाहा. नुसत्या बारीक भेगा असतील, तर टायर वापरा, पण लक्ष ठेवा. दोरे तुटले असतील किंवा फुगा आला असेल, तर टायर बदला. ट्यूबला ठिगळ लागते, तुटलेल्या दोऱ्यांना लागत नाही.

वाटेतच बाजू फाटली तर? हवा सोडा. जुन्या टायरचा तुकडा घ्या. त्याच्या कडेची तार कापून टाका. तुकडा चिरेपेक्षा चहूकडून दोन बोटे मोठा हवा. तो टायर आणि ट्यूब यांच्या मधे बसवा. हवा जरा कमी भरा. ओझे उतरवा. सावकाश दुकान गाठा. हा दुकानापुरता उपाय, महिनाभराचा नव्हे!

असा टायर पुढच्या चाकाला तर मुळीच ठेवू नका. मागचा फुटला तर तोल सावरता येतो. पुढचा फुटला तर हँडल हाताबाहेर जाते. टायरचे पैसे वाचले आणि हात मोडला, तर बुडालेली मजुरी कोण देणार?

नवा टायर घेताना जुना सोबत न्या. त्याच्या बाजूवर माप उठवलेले असते. मोठ्या काळ्या सायकलीला बहुधा २८ × १ १/२, म्हणजे अठ्ठावीस बाय दीड. आकडे इंग्रजी असतात, तेही शिकून घ्या. दोन्ही मापे जुळली, तरच पैसे द्या.

मंडळी, आता तुम्हाला वाचता येते. मग टायरची बाजूही वाचा.